मामांच्या रेडिओतली बाई

सगळ्या ओमानमध्ये वीज गेल्यावर खूश होणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ते राहतात त्या अझैबा भागात दिवे गेले की लोक आधी एसीकडे बघतात, मग एकमेकांकडे. मामा मात्र बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर कवटाळून गच्चीवर धावतात. शॉर्टवेव्हवर दूरची स्टेशनं ऐकायची तर आसपास विजेची गुरगुर नको, आणि हल्ली घरातली प्रत्येक वस्तू गुरगुरते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्याकडे गेलं की चपला नंतर, आधी मोबाइलचा चार्जर काढायचा. मामींनी हौसेनं इंडक्शनची शेगडी आणली, तर पहिल्याच पोळीला आतून आरोळी आली, "अगं बंद कर! तुझ्या तव्यावर जपान करपलं!" मामी म्हणाल्या, "मग आज जपानलाच वाढायला सांगा."

त्यांचा लाडका सेट लाकडी, व्हॉल्व्हचा. तो तापेपर्यंत मामा पाहुणे यायचे असल्यासारखे सदरा सारखा करून बसतात. मग काटा केसभर सरकवत खरखरीतून एखादा आवाज वर काढतात. भाषा कळायची अट नाही. "कळलं की नुसत्या बातम्या होतात," ते मला म्हणाले, "न कळलं की माणूस ऐकू येतो."

अशीच एक बाई ते सोहारच्या कारखान्यात नवे लागले तेव्हापासून ऐकत आले होते. देश लांबचा, भाषा अगम्य. आवाज मात्र मामांबरोबरच पिकत गेलेला. गेल्या उन्हाळ्यात ते स्टेशन कायमचं बंद व्हायचं ठरलं. शेवटच्या प्रसारणाच्या संध्याकाळी मामा दारोदार फिरले, "फक्त दस मिनट एसी बंद कीजिए." मी मागे, मान खाली घालून. त्या उकाड्यात कोण ऐकणार? शेवटी ते तळमजल्यावर घरमालकाकडे गेले. बिल्डिंगचा हा अर्बाब ओमानी, पण हिंदी झकास. मामा म्हणाले, "आज कोई हमेशा के लिए जा रहा है."

"कौन जा रहा है?"

"एक औरत. रेडिओवाली."

"कभी मिले?"

"नहीं."

अर्बाब उठून जिन्यातल्या पॅनेलपाशी गेला आणि मामांचं सोडून सगळ्यांची बटणं त्यानं स्वतः खाली केली. "यल्ला, चलो. दस मिनट."

लोक तणतणत बाहेर आले, आणि पंखा एकाच घरात चालू म्हटल्यावर मामांच्या खोलीत शिरले. मामांनी तोही बंद केला. कुणी काही बोलणार, तोच ती बाई बोलू लागली. आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या खोलीत असावी. मध्ये एकदा हसली, एकदा अडखळली, आणि थांबली. मागे नुसती खरखर उरली.

"क्या बोली, अंकल?" वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्सनं हळूच विचारलं.

"पता नहीं, बेटा." मामा चष्मा पुसत होते.

अर्बाबनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेला. एसी घरघरू लागले, लोक पांगले. मी सेट बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या, जावईबापू," मामा म्हणाले. "आत्ताच गेलीय ती."