मामांच्या घड्याळाची डुलती चावी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, हा रिवाज ज्यानं काढला त्याला माझ्यासारखा जावई नसावा. तीनेक वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना. जावई पन्नाशीचा का असेना, सासुरवाडीला जायचं, पाय धुऊन घ्यायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खायचे आणि देव असल्यासारखं बसायचं. खाण्यापर्यंत मला जमतं. बसताना हात शिवशिवतात.

सासुरवाडी दिंद्रुडजवळ. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं, पण आसपास कुणाच्या विहिरीत मोटर पडली की बुडी मारायला मामाच. मनगटावर रशियन पाणबुड्यांचं घड्याळ. धरणाच्या दारांवर काम करायला आलेल्या एका पाणबुड्यानं जाताना दिलेलं. बुडी मारली की मामांची नजर सेकंदकाट्यावर. काट्याचा एक फेरा झाला की वर. वय झाल्यापासून त्यांचा छातीपेक्षा काट्यावर भरवसा जास्त.

जेवण झाल्यावर मी ते बघायला मागितलं. चावी फिरवून सैल केली, तर ती हलत्या दातासारखी डुलायला लागली. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळं मला रोग तत्काळ कळला.

"मामा, चावी ढिली झालीय. पाणी शिरंल आत."

"पहिल्यापासनं डुलती ती, जावईबापू."

"म्हणजे पहिल्यापासनंच बिघडलंय."

मामांनी घड्याळ माझ्याकडंच राहू दिलं. देवाला कोण अडवणार? बायको मात्र चुलीपासून ओरडली, "कावून उघडायलाव? चालतंय की ते! घरचा मिक्सर आठवा जरा."

मिक्सरचा विषय तिथं अप्रस्तुत होता.

मोबाइलवर व्हिडिओ लावला. निम्माच पाहिला, कारण पुढचं मला सुचत होतं. मागचं कडं कर्कटकाच्या दोन टोकांनी फिरवलं. त्याखाली चकती, चकतीखाली रबराची जाड रिंग, आणि आत... खरं सांगतो, क्षणभर हात शिवशिवायचे थांबले. पितळी चाकं, त्यांच्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे आणि वर अर्ध्या चंद्रासारखं एक वजन, हात हलला की घरंगळणारं. कुणीतरी फार विचार करून केलेलं काम होतं. तेवढ्यावर झाकण लावलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

मी चावीची दांडी उपसली, पुसली आणि परत बसवताना तिच्या मुळाशी पंक्चरच्या सोल्युशनचा एक थेंब दिला. एकच. दुसरा आपोआप पडला.

चावी देवळाच्या खांबासारखी घट्ट झाली. मामांनी हलवून बघितली आणि "वा" म्हणाले. तो "वा" कसला होता हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी आला. त्याच्या विहिरीत मोटर पडली होती. काठावर उभं राहून मामांनी मनगट पाहिलं. काटा हलेना. चावी फिरेना. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे बंद हाय. काट्याचं काम आता तुमीच करा. साठ झाले की माझ्या कमरेचा दोर हलवा."

आणि बुडी मारली.

मी मोजू लागलो. तिसाला पाणी शांत होतं. चाळिसाला मी देवाला हाक मारली आणि त्यात दोन आकडे चुकले. एक्केचाळीस, पंचेचाळीस, बावन्न, साठ! दोर असा हासडला की मामा वर आले आणि मोटर तळाशीच राहिली.

"लई लवकर साठ झाले," मामा म्हणाले. शेजारी आभाळाकडं बघत राहिला.

माजलगावात एक घड्याळवाले चाचा आहेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मग घड्याळाचा वास घेतला.

"मास्तर, याचं पंक्चर काढलं का?"

"चावी डुलत होती, चाचा."

"अरे, डुलायलाच पायजे ना ती! सैल केली की आतल्या यंत्रापासून सुटी राहते, मग बाहेरचा धक्का आत जात न्हाई. बनवणाऱ्यानं मुद्दाम केलंय."

"म्हणजे बिघाड नव्हताच?"

"नव्हता. आता हाय."

पेट्रोल आणि सुई घेऊन चाचा पंधरा दिवस माझं विज्ञान खरवडत होते. घड्याळ मी दिंद्रुडला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवलं. स्वतः जायची छाती झाली नाही. मधल्या काळात मामांचा फोन यायचा तो गुळात बुडवलेला: "तब्येत बरी हाय ना, जावईबापू?"

अमावस्या होऊन अधिक महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"धोंडा सरला का, जावईबापू?"

"सरला, मामा."

"घड्याळ पोचलं. चावी डुलती. काल बुडी मारून मोटर काढली."

"अरे वा, मामा..."

"आता बसा खाली अन् ऐका."

मी बसलो. मामांनी माझ्या पदवीपासून सुरुवात केली आणि बोटांपर्यंत आले, मग मिक्सरकडं वळले. मध्ये श्वास कुठं घेत होते, कळेना. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. या वेळी एकही आकडा गाळला नाही. साठ झाले, नव्वद झाले. एकशेदहाला मामा थांबले.

त्यांना काट्याची तशी काही गरज नाही, हे मी सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी पुन्हा सुरू केलं.