उलटी राणी

धाकट्या जावेला चित्रकलेच्या वर्गाला नेलं ते मीच. सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये एकटीला कंटाळा यायचा. चार महिन्यांत ती माझ्या पुढे जाईल हे ठाऊक असतं, तर आनंदाने एकटी कंटाळत गेले असते.

आमचे सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांच्याकडे एका राणीच्या जुन्या तैलचित्राची मोठी छापील प्रत होती. ती ते भिंतीवर उलटी टांगायचे, डोकं खाली. आम्हीही उलटंच रंगवायचं. चेहरा सरळ दिसला की माणूस मनातले डोळे काढतो, समोरचे काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही नक्कल साधल्याशिवाय जिवंत माणूस समोर बसवायचा नाही. सासूबाई बसायला तयार होत्या, पण एकदाच. त्यांचे गुडघे धरतात. जिची राणी आधी पास, तिच्यासमोर त्या बसणार होत्या. मला त्या हव्या होत्या. वीस वर्षं त्यांचा चेहरा मी पाहत आले. धाकटी तर या घरात आली परवा-परवा.

धाकटी शांतपणे एकेक डाग लावायची. रंगवताना तिची एक भुवई जरा वर, ओठ आत दुमडलेले. सर तिच्यामागे थांबायचे, माझ्यामागून नुसते पुढे जायचे. माझा नुसता जळफळाट. तिनं कोणता रंग घेतला, काय पुसलं, माझं सगळं लक्ष तिकडेच. सर चहाला आत गेले की मी कॅनव्हास गुपचूप सरळ करून चेहरा सुधारायचे. एका रविवारी तर तिला ताप यावा असंही मनात आलं. आला नाही.

शेवटी सरांनी दोन्ही कॅनव्हास सरळ करून ठेवले. तिची राणी राणीच होती. ती पास झाली. माझ्या चित्राकडे पाहून सर हसायलाच लागले.

"बाई, तुम्ही राणीकडं पाह्यलंच नाही. कोणाले पाहून राहिल्या होत्या?"

शालू, नथ, मोत्यांची माळ राणीची. चेहरा हुबेहूब धाकटीचा, त्या वर गेलेल्या भुवईसकट.

ती कितीतरी वेळ चित्रापुढे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी एवढी सुंदर दिसतो का वो?"

नाही म्हणायची फार इच्छा होती. पण चित्र माझ्याच हातचं होतं.

"दिसतेस," मी म्हणाले.