ओकावांगोकाठी अक्काची पंगत

अक्का कुणाच्याही घरी ताटावर बसली, की पहिला घास घेण्याआधी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायची आणि विचारायची, "रांधणारी कुटं हाय?" रांधणारी मागे राहिलेली असली, तर अक्काचा हात ताटाला लागायचा नाही. वरण गार होवो, यजमान लाल होवो, तिला फरक पडायचा नाही. "रांधणारं उपाशी, तर जेवणारं चोर," असं ती म्हणायची. ही म्हण तिची स्वतःचीच होती. सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ती ऐकलेली नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तेलुगूत तिला अक्का म्हणायचे, म्हणून सगळी गल्लीच म्हणायची. जन्मभर तिने बिड्या वळल्या. मांडीवर पानं-तंबाखूचं सूप नसलं तरी तिची बोटं चालूच असायची. बसची वाट बघताना, दवाखान्यात बाकावर, एकदा तर साखरपुड्यात फोटो काढताना तिचा अंगठा आणि तर्जनी हवेतली पानं वळत होती. सासरी नवी नवरी असताना सगळ्यांच्या शेवटी खरवडलेलं भांडं तिच्या वाट्याला यायचं. एके दिवशी तिने ते भांडं सासऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलं आणि त्या दिवसापासून हा नियम सुरू झाला.

बिडी कामगारांच्या संघटनेची पत्रकं ती वाटायची आणि त्याच पत्रकांवर मी वाचायला शिकले. 'कमल, नमन' यांच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं. पत्रक वाटण्याचीही तिची रीत होती. "हातात द्यायचं, डोळ्यात बघून. भिरकवायचं न्हाई. समोर माणूस हाय, उकिरडा न्हाई." अतिथीला देव म्हणायचं आणि त्या देवासाठी चुलीशी भाजून निघालेल्या बाईला उरलंसुरलं वाढायचं, या आपल्या थोर परंपरेवर मी पुढे पानंच्या पानं लिहिली. अक्काने ते काम एका प्रश्नात उरकलं होतं. होटगीच्या एका लग्नात तिने आचाऱ्याच्या बायकोला हाताला धरून वरमाईशेजारी आणून बसवलं. वरमाई उठली. अक्का म्हणाली, "बसा की विहीणबाई, ती चावत न्हाई. चावली तर तुमचे बुंदीचे लाडू चावतील, लई कडक झाल्यात."

तिचा मुलगा सिनू बोत्स्वानात मशीन दुरुस्तीच्या कामावर होता. आईला जंगल दाखवायचं त्याने ठरवलं. गाइड, गाडी, तंबू, स्वयंपाक असं सगळं मिळणारी सफर होती. ऐन वेळी त्याला रजा मिळाली नाही. इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी गेले.

तिथे ओकावांगो नदीकाठी हिवाळा होता. पहाटे उघड्या जीपमध्ये अक्का सोलापुरी चादर कानांवरून गुंडाळून बसायची, फक्त डोळे आणि नाक बाहेर. आमच्याबरोबर एक वयस्क डच जोडपं होतं. ते दोघं हत्तींपेक्षा तिचेच फोटो जास्त काढायचे. पहिला जिराफ झाडांवरून मान काढून डुलत निघाला, तेव्हा ती ओरडली, "अय्यो, नंदीध्वज निघाला बघ!" गाइड कागिसोने विचारलं, काय म्हणाली? सिद्धेश्वराची यात्रा आणि खांद्यावर पेलायच्या त्या उंच काठ्या इंग्रजीत समजावेपर्यंत जिराफ गेला होता.

कागिसोचा एक नियम होता, की तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, वासाने तरस येतात. अक्काच्या पिशवीतून त्याने शेंगाचटणी काढून लोखंडी पेटीत बंद केली. अक्काने मला विचारलं, "त्याला इचार, तरसाला एवढं तिखट सोसंल का?" कागिसोने चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि गंभीरपणे म्हणाला, "तरसाच्या भल्यासाठीच पेटीत ठेवतो."

पहिल्या संध्याकाळी झाडाखाली टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, कंदील, काचेचे पेले. स्वयंपाकीणबाई पुढे आल्या, हात जोडल्यासारखे धरून हसऱ्या चेहऱ्याने आज काय काय केलंय ते सांगितलं आणि सामानाच्या ट्रकमागे निघून गेल्या. त्यांचं नाव म्मा नेओ, म्हणजे नेओची आई. तिकडे बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात. अक्काला ते फार आवडलं. "मग मी म्मा सिनू," ती म्हणाली. एवढ्यात तिने मान वळवली.

"रांधणारी कुटं हाय?"

मी भाषांतर केलं. कागिसो म्हणाला, त्या मागे जेवतात, बाकीच्या माणसांबरोबर. अक्काने हात मांडीवर ठेवले. डच आजोबांचा काटा हवेत थांबला. मग मी समता, श्रम आणि एका टेबलाचं राजकारण यावर इंग्रजीत बोलले, चांगलं लांबलचक. कागिसोने सगळं ऐकून घेतलं, ट्रकमागे जाऊन आला आणि म्हणाला, "म्मा नेओ आभारी आहेत, पण नको म्हणतात."

"भीतीनं म्हणती," अक्का म्हणाली. "मालकाच्या भीतीनं मीबी असंच नको म्हणायचे." त्या रात्री ती नुसत्या चहावर राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारचं ताटही भरलेलंच परत गेलं.

तेव्हा कागिसोने मला बाजूला घेतलं. म्मा नेओ या हंगामातच नव्याने कामावर लागल्या होत्या. पुढे ठेवायचं की नाही, ते पाहुण्यांच्या जेवणावरून ठरणार होतं. जिच्या हातची ताटं भरलेली परत येतात, त्या स्वयंपाकिणीबद्दल कंपनी चौकशी करते. "तुझ्या आत्यांना सांग, त्या ज्यांच्यासाठी उपाशी आहेत, त्यांचीच नोकरी जाईल."

मी अक्काला सांगितलं. तिची वळणारी बोटं थांबली. नियम मोडायचा, की त्या बाईची रोजीरोटी मोडायची, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. ती नदीकाठी जाऊन बसली. पाण्यात पाणघोडे फुरफुरत होते. शेवटी म्हणाली, "ती हितं येत न्हाई ना? मग मी तितं जाते." अडचण सुटली असं मलाही वाटलं.

संध्याकाळी ती आपलं स्पॅगेटीचं ताट घेऊन ट्रकमागे गेली, मी मागोमाग. निखाऱ्यावर काळं पातेलं होतं. म्मा नेओ आणि तंबू उभारणारे दोघे खोक्यांवर बसून मोठमोठ्याने हसत होते. आम्हाला पाहिलं आणि हसू बंद झालं. तिघंही उभे राहिले. अक्काचं लक्ष पातेल्याकडे गेलं. "पोरी, ज्वारी हाय ही! ज्वारीची उकड! आपल्याला तिकडं शेवया घालतात आणि हितं ज्वारी?" ती खोकं ओढून बसणार, तेवढ्यात म्मा नेओ बोलल्या. आवाज शांत होता.

"आई, रागावू नका. दिवसभर मी पाहुण्यांसाठी हसते. या एका तासात माझं तोंड माझं असतं. तुम्ही बसलात, तर मला पुन्हा हसावं लागेल."

मी भाषांतर केलं, जरा सौम्य करून. अक्का म्हणाली, "नीट सांग, जसंच्या तसं." मी जसंच्या तसं सांगितलं.

अक्का ताट घेऊन तशीच उभी राहिली आणि मग खो खो हसायला लागली. "बराबर हाय की गं बाई!" माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या गोदामात मुकादमाची बायको यायची. आमी बाया लिंबाखाली भाकरी सोडून बसलो, की लाडू घेऊन आमच्यात बसायची. मनानं लई चांगली. पण ती उठून गेली, की मगच आमी मोकळ्या व्हायचो." जरा थांबून म्हणाली, "आज मी मुकादमीणबाई झाले बघ. विमानात बसले तवाच झाले, कळलं आत्ता."

आम्ही टेबलावर परत आलो. अक्काने मान वळवली नाही. तिने शेवया खाल्ल्या, ताट पुसून संपवलं. एकेक घास ती किती वेळ तोंडात घोळवत होती, ते मी शेजारी बसून बघत होते. मध्येच डच आजींनी हसून विचारलं, आवडलं ना? मी मान डोलावली. ट्रकमागचं हसू पुन्हा सुरू झालं होतं. ते ऐकून अक्काने आणखी एक वाढ मागितली. "ताट भरलेलं गेलं असं कुणी म्हणायला नको," ती म्हणाली.

त्यानंतर ती ट्रकमागे फिरकली नाही. सकाळी "दुमेला, म्मा नेओ" असा रामराम घालायची, संध्याकाळी रिकामं ताट स्वतः उचलून द्यायची आणि लगेच मागे फिरायची. बिबट्या दिसला, सिंहीण पिलांना घेऊन रस्त्यात आडवी झाली. अक्का सिंहिणीला म्हणाली, "झोपू दे बाई, रात्रपाळी झाली असंल."

शेवटच्या संध्याकाळी म्मा नेओंनी नेहमीसारखे पदार्थ सांगितले, पण त्या गेल्या नाहीत. अक्काकडे बघून त्यांनी बोट वाकवलं. "म्मा सिनू. कम."

अक्का उठली. दुभाषी म्हणून मीही उठले. म्मा नेओंनी तळहात दाखवून मला थांबवलं. "यू, ईट."

मी डच जोडप्याबरोबर बसून राहिले. अक्काला इंग्रजी येत नव्हतं, म्मा नेओंच्या सेत्स्वाना भाषेचा तर प्रश्नच नव्हता. तरी ट्रकमागून बोलण्याचे आवाज येत होते, मध्येच तिचं तेलुगू, मध्येच टाळी, आणि मग चौघांचं असं हसणं, की कागिसोही जेवता जेवता तिकडे कान लावून हसला. ती परत आली, तेव्हा बोटांना ज्वारी लागलेली होती आणि डोळे ओले होते. हसून की कशाने, कळलं नाही.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू?" बोटं चाटत अक्का म्हणाली. "टेबलावर बसतीस की तू. कामगारांच्या बैठकीतलं बाहेर सांगत नसतात."

सोलापुरात आल्यावरही मी खूप मागे लागले. चिडवून पाहिलं, रुसून पाहिलं. गेल्या वर्षी ती आजारी पडली, तेव्हा उशाशी बसून पुन्हा विचारलं. तिने डोळे मिटूनच नकारार्थी मान हलवली आणि गालातल्या गालात हसली. संघटनेचं गुपित तिने शेवटपर्यंत फोडलं नाही.