मोठ्याने वाचलेला कागद

आता काय सांगू तुम्हाला, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. शेवटी मला काही हसू आलं नाही.

सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या कॅम्पात दर शुक्रवारी मी कामगारांना अरबी शिकवायचो. हो, मीच. रत्नागिरीचा, बीकॉम, येऊन जेमतेम चार महिने झालेले. मला वाटायचं, अरबी म्हणजे घरचीच. लहानपणापासून कुराण घडाघडा वाचतोय, उर्दू येते, निम्मे शब्द ओळखीचे. राहिलं काय? अर्थ राहिला होता. तो येईल हळूहळू. वर्गात माझं एकच पालुपद: "न समजता सही करायची नाही."

सगळ्यात पुढे बसायचे श्रीवर्धनचे लतीफचाचा. लेकीचा निकाह ठरलेला, सुट्टीचा अर्ज दिलेला. ऑफिसातून बोलावणं आलं तेव्हा ते मलाच घेऊन गेले.

कारकुनाने अरबी कागद पुढे केला आणि दुभाष्याला फोन लावायला घेतला. मी म्हटलं, कशाला? कागद उचलला आणि सुरात, घशातून आवाज काढत, शेवटपर्यंत वाचला. जेर-जबर, म्हणजे अक्षरांवरच्या स्वरांच्या खुणा, छापलेल्या नव्हत्या, त्या अंदाजाने घातल्या. खोलीतले तिघे ऐकत राहिले. कारकून "माशाअल्लाह" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मग तो भराभर काहीतरी विचारू लागला. एवढं वाचून दाखवल्यावर कळलं नाही असं कसं म्हणणार? मी म्हणालो, "नअम." म्हणजे हो. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा "नअम."

चाचा कानाशी लागले. "अरे, हा चहावाला समद इथेच उभा आहे, त्याला विचारू या का? बारा वर्षं झाली त्याला इथे."

"चाचा, ज्याला अलिफ ओळखता येत नाही त्याला काय विचारायचं? करा सही."

केली.

बाहेर येतो तोच समद ट्रे घेऊन मागे. "भाई, चाचा ने छुट्टी क्यों छोड़ दी? उसने दो बार पूछा, मर्ज़ी से छोड़ रहे हो? तुम दो बार बोला, हाँ."

परत धावलो. समदमार्फत उत्तर मिळालं: कागद यानेच मोठ्याने वाचलाय, तिघांनी ऐकलंय. खलास.

वर्ग आता समद घेतो. मी चाचांच्या शेजारी बसतो.

निकाह आम्ही खोलीत फोनवर बघितला. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून बसले होते. काझींनी अरबीत खुतबा वाचला.

"काय म्हणाले रे?" चाचांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही, चाचा."

फोनवरची नजर न हलवता ते म्हणाले, "हे त्या दिवशी बोलला असतास, तर मी आता तिथे बसलो असतो."