न चढणारा घेवडा

अमरावतीला राहायला निघाले त्या दिवशी गावच्या फाट्यावर अकोटहून आलेली एसटी माझ्यामुळं खोळंबली. कपड्यांची एकच पिशवी होती, पण सोबत वावरातल्या काळ्या मातीची दोन पोती होती.

“आजी, याच्यात काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“माती.”

“अमरावतीत माती नाही काय?”

“हाय. पण आपली नाही.”

मला पोचवायला आलेले धाकटे दीर, रमेशभाऊजी, डोळे पुसता पुसता हसले. पोती त्यांनीच वर चढवली. आमचे हे गेल्यावर वावर भाऊजींकडं सोपवलं आणि मी मुलाकडं निघाले. तुम्ही सगळे गावकरी फाट्यावर हात हलवत होता, आणि मी पोती आडवी तर होत नाहीत ना, ते बघत होते.

माती नेली ती सुनेच्या एका वाक्यामुळं. सोनल फोनवर म्हणाली होती, “आई, तुमच्यासाठी गच्चीवर रेझ्ड बेड केला आहे.” मला वाटलं, झोपायला उंच पलंग केला. निघाला लाकडी पेटीतला, कमरेएवढ्या उंचीचा वाफा! जन्मभर वाकून निंदण केलेल्या बाईला उभ्यानं शेती. शेजारच्या देशमुखबाई म्हणाल्या, “मजा आहे बुवा तुमची.” मला मात्र पेटीत पेरायचं म्हणजे बाहुलाबाहुलीचं लग्न वाटे.

सोनलनं बुश बीन्सचं बियाणं आणलं होतं. म्हणजे घेवडाच. तिनं नारळाच्या भुशाची आणि शेणखताची माती तयार ठेवली होती, ती मी बाजूला सारली आणि पेटीत आपली काळी माती भरली. पाणी घातलं तर तिचा चिखल झाला, वाळली तर एवढ्या भेगा पडल्या की बोट आत जाई. बी कुजलं. मी बियाण्याला नावं ठेवली. सोनल हळूच म्हणाली, “आई, थोडी आपली, थोडी माझी, अशी मिसळू या का?”

त्या दिवशी मी रुसून भाऊजींना फोन केला. “मले घ्याले या. इथं माती बी माह्यं आयकत नाही.”

“कापूस वेचणं चालू हाय वहिनी. झालं की येतो.”

तोवर करायचं काय, म्हणून मिसळली माती. सगळं बी तरारून उगवलं. मग मला चेव आला. कठड्याला बांबू बांधले, सुतळ्या ताणल्या, आणि देशमुखबाईंना सांगून ठेवलं, “पायजा, वेल टाकीवर जाते.”

वेल कुठला जातो! रोपं गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच बसली. मी शेंडे सुतळीला टेकवून यायची, सकाळी ते पुन्हा खाली. देशमुखबाई रोज विचारत, “काकू, वेल सुट्टीवर आहे का?”

शेवटी सोनल म्हणाली, “आई, ही बुटकी जात आहे. चढतच नाही.”

“मंग आधी काहून नाही सांगतलं?”

“तुम्ही इतक्या मन लावून सुतळ्या बांधत होता…”

तिला हसू आवरेना. मग मलाही.

शेंगांचे घोस लागले आणि नेमके त्याच आठवड्यात भाऊजी जीप घेऊन हजर. “चाला वहिनी. फोनवर रडून राहिल्या होत्या ना?”

“उद्या शेंगा तोडाच्या हायेत. थोडं थांबून आले असते तर काय बिघडलं असतं?”

ते गच्चीवर आले. रोपं पाहिली, बांबू पाहिले, मान वर करकरून वेल शोधला. “हे तर चढत नाही. मंग सुतळ्या काहून बांधल्या?”

मी घाईघाईनं शेंगा चाचपू लागले. गावभर होणार आता! तेवढ्यात सोनल अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाली, “काका, ते कपडे वाळत घालायला. आईंनीच सुचवलं.” आणि खांद्यावरचा ओला टॉवेल तिनं सुतळीवर टाकला.

भाऊजी घेवड्याची भाजी आणि भाकर खाऊन एकटेच परतले.

सासूबाई हयात होत्या तेव्हा माझ्या हातून दूध उतू गेलं की आमचे हे म्हणत, “माय, मांजरीनं सांडवलं.” आमच्या घरी मांजर नव्हतीच. ते गेल्यावर वाटलं होतं, माझ्यासाठी असं बिनधास्त खोटं बोलणारं आता कोणी उरलं नाही. तर बाप्पांनो, माझी वाट पाहू नका. भेटायला येईन, दोन दिवस राहीन, आणि घरी परत जाईन.