मला उपवास नव्हता

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला फसवलं. शब्द कडक आहे, पण मी तो मागे घेणार नाही. हार्ट अटॅक आलेल्या बाईला त्यांनी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. खरं काय ते मला हॉस्पिटलात कळलं, ईसीजीचा कागद धरून उभ्या असलेल्या एका तरुण डॉक्टरणीकडून. "मावशी, हा अटॅक आहे. सकाळपासूनच चालू असावा."

ईसीजी म्हणजे छातीला आणि हातापायांना वायरी लावून हृदयाच्या ठोक्यांचा काढलेला आलेख. चहा उकळेपर्यंत होतो. ते मशीन आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही आहे.

मुलुंडला माझं गाऊन-परकरांचं दुकान आहे. गाठोडं घेऊन दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली. होलसेलवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय मी माल उचलत नाही. त्या आठवड्यात मात्र त्याने सांगितलेल्या पहिल्याच भावाला मी हो म्हटलं, कारण बोलायला अंगात त्राण नव्हतं. "ताई, बरं आहे ना?" तोच घाबरला. असा थकवा हेही लक्षण असू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग एका सकाळी शटर उघडताना जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हटलं. कळ पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध गेली. गार घाम, मळमळ, दम. छाती दुखत नव्हती, नुसती जड झाली होती.

दवाखान्यात बायकांची गर्दी. नवरात्र चालू होतं. मी जबडा, पाठ, घाम, मळमळ सगळं सांगितलं. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "साबुदाणा, शेंगदाणे, वर रिकाम्या पोटी चहा. सगळ्यांचं हेच चाललंय."

"डॉक्टर, मला उपवास..."

"सोडा तो आता. देवी रागावणार नाही."

कंपाउंडर हसला. वाक्य पुरं करायला माझ्याकडे श्वास नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवरात्राचा उपवास कधी कुणी धरला नाही. त्या सकाळी मी अंडापाव खाऊन निघाले होते.

मागच्या वर्षी याच टेबलासमोर माझ्या नवऱ्याने नुसता छातीवर हात ठेवला होता. तिथल्या तिथे त्याचा ईसीजी काढला. निघाला गॅस. त्याला गॅस झाला तर ईसीजी, मला अटॅक आला तर पित्ताची गोळी.

दुपारी उलटी झाली. नवरा म्हणाला, "गोळीला जरा वेळ दे गं." मी म्हटलं, "तू रिक्षा बोलाव, भांडण नंतर कर." रिक्षाही चूकच. तुम्ही अँब्युलन्स बोलवा, वाटेत उपचार सुरू होतात.

हॉस्पिटलात ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा हा घटक. मग अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून रक्तवाहिन्यांचा फोटो, आणि बंद वाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "छातीत दुखणं, दाब, डावा हात भरून येणं पुरुषांना होतं तसं बायकांनाही होतं. पण बायकांना जबडा, पाठ, मळमळ, दम, थकवा हे जास्त दिसतं. कधी कधी तेवढंच." मग खालच्या आवाजात, "उशीर झाला. थोडा स्नायू कायमचा गेला."

आता गाठोडं उचलायला मला माणूस लागतो. जिने थांबत चढते. जिवंत आहे ती त्या डॉक्टरणीमुळे. तिने आधी वायरी लावल्या आणि मग प्रश्न विचारले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

बरी झाल्यावर आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमची लक्षणं टिपिकल नव्हती."

कुणाची टिपिकल? तुमच्या बाकावर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायकाच असतात. बायांनो, जबडा-पाठ दुखून घाम फुटला तर ईसीजी मागून घ्या, पित्त म्हणाले तरी उठू नका. आणि डॉक्टर, मशीन तुमच्या पाठीमागे होतं, मी समोर होते. मला उपवास आहे का, एवढं का विचारलं नाहीत? दवाखाना भरलेला असताना, सगळ्यांसमोर सांगा. मी बाकावर बसून आहे.