टेकडीमागे धूर आणि झर्गा हलेना

मनूबिया तबूनातून, अंगणातल्या मातीच्या भट्टीतून, भाकरी काढत होती, तेव्हाच तिला वास आला. आधी वाटलं भाकरीच करपली. पण भाकरी चांगली होती. मग तिने मान वर करून दक्षिणेच्या टेकडीकडे पाहिलं. टेकडीमागून पिवळट धूर वर येत होता, आणि शहीलीचा गरम वारा तो सरळ गावाकडे ढकलत होता.

ऐन करमा हे गाव म्हणजे बेजा शहराच्या डोंगराळ बाजूची दहाबारा घरं. गहू निघून गेला होता. टेकडीच्या माथ्यापासून घरांच्या कुंपणापर्यंत नुसती वाळकी धसकटं उभी होती. एक ठिणगी पुरे.

तेवढ्यात शेजारचा तिजानी धापा टाकत अंगणात शिरला. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तोंडाने फाटका, पण हाकेला धावणारा.

"मनूबिया! गाडी काढ! बंबवाले पलीकडच्या आगीत अडकलेत, तासाभराशिवाय येत नाहीत म्हणे. गावातले बाकीचे ट्रॅक्टर गहू घेऊन खाली गेलेत. टेकडीच्या अलीकडे नांगराचा पट्टा मारला नाही, तर संध्याकाळी आपण सगळे राखेत बसू!"

गाडी म्हणजे झर्गा, त्यांचा जुना ट्रॅक्टर. झर्गा म्हणजे निळी, पण निळा रंग आता फक्त बॉनेटच्या आतल्या बाजूला उरला होता. सहकारी शेती मोडली तेव्हा ही गाडी ओढ्याकाठी गंजत पडली होती. मनूबियाच्या नवऱ्याने, हेदीने, ती खेचरं जुंपून घरी ओढत आणली आणि एका हिवाळ्यात उभी केली. लग्न होऊन मनूबिया या घरात आली, तेव्हा अंगणात इंजिन उघडं पडलेलं होतं आणि सासू म्हणाली होती, "ही तुझी सवत. हिला आधी जेवण मिळतं." तीस वर्षं मनूबियाने हेदीच्या हातात पाने दिले, दिवा धरला, डिझेलने माखलेले कपडे धुतले. इंजिनला हात मात्र कधी लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी हेदीचं उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर बोलणंही. एकच शब्द उरला: "उद्या." भूक लागली तरी उद्या, राग आला तरी उद्या. डोकं शाबूत होतं, डोळे सगळं बोलत. पण तोंडातून बाहेर यायचं ते तेवढंच. त्या वर्षी पेरणीला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मनूबिया स्वतः झर्गावर बसली. "आता विमान कधी?" असं तेव्हा तिजानीने विचारलं होतं. ती चालवायला शिकली. बिघाड मात्र अजून तिच्या वाट्याला आला नव्हता.

ती धावत गाडीवर चढली. मागे नांगर जोडलेलाच होता. किल्ली फिरवली, बटण दाबलं.

टक्.

एवढंच. इंजिन फिरलं नाही, गुरगुरलं नाही. तिने पुन्हा दाबलं. टक्.

"बॅटरी बसली," तिजानी म्हणाला.

तिने दिवा लावून पाहिला. भर उन्हातही तो लख्ख दिसत होता. पण बटण दाबलं की मावळून लाल व्हायचा. बॅटरीत जीव होता, मग तो जात होता कुठे? हेदी अशा वेळी आधी वायरींची टोकं खरवडायचा, एवढं तिला आठवलं. तिने तशी टोकं काढली, भाकरीच्या सुरीने पांढरी बुरशी खरवडली, खाली अर्थिंगची पट्टीही घासून परत आवळली. पाना दोनदा निसटला, बोटाचं कातडं सोललं.

टक्.

तिजानीने आपली पिकअप आणून लावली आणि तिची बॅटरी जोडली. यावेळी आवाज मोठा झाला, धाडकन हातोडा बसावा तसा. वायर इतकी तापली की तिचा वास सुटला. इंजिन जागचं हललं नाही.

आता टेकडीच्या माथ्यावर ज्वाळांचं टोक दिसू लागलं होतं. खालच्या घरातल्या बायका मेंढ्या बाहेर हाकत होत्या.

"ओढून चालू करू," तिजानी दोर काढत म्हणाला. "गिअरमध्ये टाक, मी पिकअपने हिसका देतो. मुकाट्याने चालू होईल."

"बांध," मनूबिया म्हणाली. दुसरं काय करणार होती?

दोर बांधून होतोय तोच अंजिराच्या झाडाखालून आरोळी आली.

"उद्या! उद्या! उद्या!"

हेदी खुर्चीत अर्धा उठला होता. डाव्या हाताने काठी खुर्चीवर आपटत होता, चेहरा लालबुंद.

"याचं बघा!" तिजानी ओरडला. "आग उंबऱ्यावर आलीय आणि हा म्हणतो उद्या! अरे बाबा, उद्या कुठला? उद्या कोळसे वेचायचे!"

"गप, तिजानी. तो काहीतरी सांगतोय."

"काय सांगतोय? दोन वर्षं तेच सांगतोय!"

मनूबिया खाली उतरून नवऱ्यापाशी गेली. गुडघ्यावर बसली. "हेदी, हळू. ओढायचं नाही का?"

त्याने जोरात मान हलवली. नाही.

"का? बॅटरी नाही. वायर नाही. मग काय?"

हेदीने डावी मूठ वळली, ती खालून वर नेली आणि हवेतच थांबवली, जणू वर छत लागलं. पुन्हा तसंच. तिला कळेना. तिच्या पाठीला टेकडीची धग लागल्यासारखी वाटत होती, खरी तर आग अजून दूर होती. "मला नाही कळत रे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "काही तरी दुसरं दाखव."

तो क्षणभर डोळे मिटून थांबला. मग अंगठा तोंडाशी नेऊन पाणी पिण्याची खूण केली आणि काठीने सरळ झर्गाच्या धुराड्याकडे दाखवलं.

मनूबियाने पाहिलं. उभ्या धुराड्यावर टोमॅटोचा रिकामा डबा कायम उपडा असायचा. आज तो नव्हता. तो कपड्यांच्या दोरीच्या खांबावर लटकत होता. काल तिनेच धूळ झाडायला काढला होता, आणि मग पाइप लावून गाडी डोक्यापासून पायापर्यंत धुतली होती. हेदीला चकचकीत झर्गा आवडते म्हणून.

"पाणी," ती पुटपुटली. "पाणी आत गेलंय. पिस्टन वर जाईना, पाणी वाटेत उभं आहे."

हेदीने डोळे मिटले. हो.

"आणि ओढलं असतं तर?"

त्याने काठी दोन पायांत धरून वाकवण्याचा आव आणला. पिस्टनचा रॉड वाकला असता. सगळं संपलं असतं.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण वेळ नव्हता. "तिजानी, दोर सोड! नोझल काढायची आहेत!"

"आता? आगीत?"

"मग काय सावलीत? सतराचा पाना दे!"

चार सिलिंडरांवर डिझेल फवारणारी चार नोझल होती; ज्यात पाणी होतं त्याचं काढलं की ते त्या भोकातून बाहेर पडणार होतं. सगळी काढत बसलं तर आगच आधी पोचली असती. हेदी खुर्चीतून काठीने दाखवत होता, पण इतक्या लांबून दुसरं की तिसरं ते कळत नव्हतं. मनूबियाने दुसऱ्याला हात घातला. डिझेलची नळी सुटली, नट सुटले, नोझल मात्र वर्षांच्या काजळीने धरून बसलं. तिजानीने पहार लावून ते हळूहळू उचकटलं. आत कोरडं.

"उद्या!" झाडाखालून ओरड आली.

"कळलं, तिसरं!" ती ओरडली.

तिसऱ्याचा नट फिरेना. तिजानी पान्यावर लोंबकळला, शिव्या घातल्या, पैगंबराचं नाव घेतलं, पुन्हा शिव्या घातल्या. राखेचे काळे तुकडे अंगणात पडू लागले. अखेर नट करकरला. नोझल बाहेर आलं.

"बाजूला हो," मनूबिया म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

तिसऱ्या भोकातून गढूळ पाण्याचं कारंजं उडालं, ते थेट तिजानीच्या छातीवर. आणि इंजिन फिरलं! घर्रर्र, घर्रर्र, जड अंगाने, पण फिरलं. तिने तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काळं होतं, दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी तेलात उतरलं नव्हतं. नोझल परत बसवली, नळीचे नट सैल ठेवून सेल मारला, फेस जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत एअर काढली, मग नट आवळले.

पुढच्या सेलला झर्गा खोकली. पांढरा धूर ओकली. आणि लागली.

तिजानी हेदीला पिकअपमध्ये घालून नेतो म्हणाला. हेदीने काठी उगारली. भांडायला वेळ नव्हता. मनूबिया गेटातून बाहेर पडली.

टेकडीच्या उतारावर तिने नांगर टाकला. डावीकडे ज्वाळा माणसाच्या उंचीच्या होत्या. धुराने रस्ता दिसत नव्हता, कुंपणाच्या निवडुंगाच्या अंदाजाने ती जात होती. एक फेरी, मग परत, मग परत. काळी माती वर येत होती, धसकटं खाली जात होती. मध्येच इंजिन एकदा अडखळलं, पण झर्गाने दम धरला. मागून गावच्या बायका ओल्या गोण्यांनी उडालेल्या ठिणग्या झोडपत होत्या. आग पट्ट्यापाशी आली, फुत्कारली, बाजूला वळली. तिकडे तिजानीची कडब्याची गंजी आणि त्याची जुनी जैतुनाची रांग होती. ती गेली. घरं राहिली.

बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं.

मनूबिया परत आली, तर अंजिराखालची खुर्ची रिकामी. "हेदी!" घरात नाही, गोठ्यात नाही. शेवटी तो भिंतीपाशी सापडला. टेकडी दिसावी म्हणून जमिनीवरून सरपटत तिथपर्यंत गेला होता. कोपर सोललेलं, केसांत राख.

"वेडा आहेस का तू?" ती ओरडली. "मी तिकडे आगीत, आणि तू इकडे घसरत फिरतोस? काही झालं असतं तर?" ओरडता ओरडता ती त्याच्या शेजारी मातीतच बसली आणि त्याच्या केसांतली राख झटकू लागली. हेदीने आपला चांगला हात तिच्या हातावर ठेवला.

त्या शरद ऋतूत पहिला पाऊस पडल्यावर मनूबियाने स्वतःच्या आधी तिजानीचं जळलेलं रान नांगरलं. तिजानी बांधावर जैतुनाची रोपं घेऊन उभा होता आणि तास वाकडे जाताहेत म्हणून पूर्ण वेळ कुरकुरत होता.